गाडी उपाशी आणा

माझ्याकडे जुनी इलेक्ट्रिक गाडी तपासायला आणायची तर माझ्या दोन अटी असतात. एक, गाडी धुऊन आणायची नाही. दोन, गाडी उपाशी आणायची. म्हणजे चार्जिंग चाळीस टक्क्यांच्या वर असता कामा नये. लोकांना वाटतं, मिस्त्री विक्षिप्त आहे. पण विकायचा बैल बाजारात खाऊ-पिऊ घालूनच उभा करतात, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पूर्ण भरलेल्या बॅटरीत सगळे सेल सारखेच दिसतात. त्यातला लंगडा कोण, हे पोट रिकामं व्हायला लागल्यावर कळतं.

मी बाबाराव. परभणीत जिंतूर रोडला माझं बॅटरीचं दुकान आहे. ट्रॅक्टर-ट्रकच्या ॲसिडच्या बॅटऱ्यांपासून सुरुवात केली, मग इन्व्हर्टर आले आणि आता ह्या बिनआवाजाच्या गाड्या. माझा एकही सदरा धड नाही, सगळ्यांची ॲसिडनं चाळण केलेली आहे. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद जुन्या हैदराबादी वळणाचे होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला धंद्याचं सार सांगून टाकलं होतं. "बेचनेवाले को नक्को पूछ रे, माल को पूछ."

विकणारा गोड बोलणारच, त्याला विकायचं असतं. तेव्हा त्याला काही विचारायचंच नाही. मी हा नियम इतका कडक पाळला की गिऱ्हाईकं म्हणायची, बाबाराव डॉक्टरसारखा बघत न्हाई, फौजदारासारखा बघतो. मला ते कौतुक वाटायचं.

संशय घ्यायला कारणंही होती. पेट्रोलची गाडी आजारी पडली की खोकते, धूर सोडते, तेल गाळते. बॅटरी मुकाट्यानं म्हातारी होते. गाडीची निम्मी किंमत त्या सीटखालच्या पेटीची, आणि ती पेटी उघडून बघायची सोय नाही. पडद्यावर "अजून दीडशे किलोमीटर जाल" असा आकडा येतो, त्यावर लोक भाळतात. तो आकडा म्हणजे गाडीचा अंदाज. दोन दिवस बैलगाडीच्या चालीनं चालवा, तो आपोआप वाढतो. खरा आकडा वेगळा. नवी असताना बॅटरीत जेवढं मावत होतं त्यातलं आज किती मावतं, तो. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्याला माझं यंत्र लावलं की तो आकडा आणि एकेका सेलचा व्होल्टेज मोबाइलवर दिसतो.

त्यातही लबाडी करता येते. एका एजंटानं आणलेली गाडी कागदावर निर्मळ होती, एकही बिघाड नोंदलेला नाही. मी नुसता पडद्यावरच्या घड्याळाकडे बघत बसलो. सकाळचे अकरा वाजलेले आणि गाडीच्या घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं. पुढची छोटी बॅटरी काढून त्यानं गाडीची सगळी आठवण पुसली होती, पण बारापासून नव्यानं सुरू झालेलं घड्याळ लावायचं विसरला होता. मी म्हणालो, "साहेब, गाडीला आज सकाळीच जन्माला घातलं का?" तो चहा न घेताच गेला.

यंत्रावरही माझा पुरता भरवसा नाही, म्हणून मी शेवटी देवाची मदत घेतो. आमच्याकडे गाडी नवी असो की जुनी, घेतली की पोखर्णीच्या नृसिंहाला दाखवून आणतात. चाकाखाली लिंबू, समोर नारळ, बॉनेटला हळद-कुंकू. मी एवढंच केलं की हा कार्यक्रम सौदा व्हायच्या आधी घेतला. "घेण्याआधी एकदा देवाला दाखवू," असं म्हटलं की विकणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, गाडीत चार माणसं, एसी चालू. देवदर्शनही होतं आणि बॅटरीची परीक्षाही. चोराच्या मनात चांदणं असलं की तो नेमका ह्या वेळी अडतो. एका बहाद्दराच्या घरी तर पोखर्णीला जायचं म्हटलं की सुतक यायचं. महिन्यात तीन वेळा आलं. मी त्याला म्हणालो, तुमचं खानदान संपायच्या आत गाडी परत घेऊन जा.

ह्या गोष्टी मी चारचौघांत रंगवून सांगतो. गुरुजींची मात्र आजवर कुणाला धड सांगितली नाही.

गुरुजी सेलूचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. डोळ्यांनी दगा द्यायला लागल्यावर डॉक्टरांनी त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं, म्हणून त्यांनी चार वर्षं वापरलेली छोटी इलेक्ट्रिक गाडी विकायला काढली. घेणार होती त्यांनीच कधीकाळी चौथीत शिकवलेली विद्यार्थिनी, वैशाली. माहेर सेलूचं, सासर पेडगावचं. तिच्या सासऱ्याच्या किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिस. नवरा ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. म्हातारा एसटीच्या पायरीवर चढू शकत नव्हता आणि ॲपे रिक्षाच्या हादऱ्यांनी परतताना अर्धमेला व्हायचा. म्हणून ह्या बाईनं सासऱ्यासाठी गाडी चालवायला शिकून घेतली होती. गुरुजींनी तिला बाजारभावापेक्षा बरीच कमी किंमत सांगितली होती. मला संशय आला तो तिथंच. कमी किमतीत देणाऱ्याचा हेतू आधी बघावा, हेही उस्तादांचंच.

दोघं दुकानात आले. गाडी वैशालीनंच चालवत आणली होती. धुतलेली नव्हती, चार्जिंग छत्तीस टक्के. माझ्या दोन्ही अटी पाळलेल्या. त्याचाही मला संशय आला.

गुरुजींच्या हातात जाड पुठ्ठ्याची एक वही होती. ती पुढं करत म्हणाले, "बाबाराव, गाडी तुमी सांगितलं तशीच वापरलीय बरं का. एक दिवस चुकलो न्हाई."

मी त्यांना काय सांगितलं होतं, मला आठवेना. वर्षा-दोन वर्षांतून इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकून घ्यायला ते यायचे, तेवढीच ओळख. मला वाटलं, म्हातारा लोणी लावायला लागला. म्हणालो, "गुरुजी, वही गाडीची तब्येत सांगत न्हाई. गाडीलाच विचारू."

यंत्रानं बॅटरीची तब्येत अडुसष्ट टक्के दाखवली. चार वर्षांच्या, इतक्या कमी फिरलेल्या गाडीला हे फारच कमी. सेलही एका ओळीत नव्हते, दोन-तीन मागं पडलेले. आकडा मी मनातच ठेवला. म्हणालो, चला, देवाला दाखवून येऊ.

जाताना सगळं ठीक होतं. दर्शन झालं, वैशालीनं नारळ फोडला, गाडीला कुंकू लावलं. परतताना चार्जिंगचा आकडा बावीसवर होता आणि बघता बघता तो नऊवर आला. पायऱ्या उतरावं तसं एकेक नाही, एकदम. पडद्यावर पिवळं कासव उमटलं. गाडीतली ताकद संपत आली की ते चित्र येतं आणि गाडी कासवासारखीच रांगायला लागते. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले. वैशालीचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले होते. ती हळूच म्हणाली, "मामा, देवाच्या दारातून निघालो आन असं झालं. म्हातारं माणूस गाडीत असताना झालं तर मी काय करू?"

कसंबसं रस्त्याकडेच्या एका चहाच्या हॉटेलापर्यंत पोचलो. बाकड्यांवर दहा-बारा माणसं होती, त्यांत दोघं-तिघं सेलूच्या बाजारचे, गुरुजींना ओळखणारे. गुरुजी गोंधळून म्हणाले, "असं कधीच झालं न्हाई हो. मला हिनं कधीच दगा दिला न्हाई."

हे वाक्य मी आयुष्यात इतक्या विकणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं की माझं टाळकं सरकलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "गुरुजी, पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं असंल ना तुमी? मेलेली बॅटरी आपल्याच विद्यार्थिनीच्या गळ्यात बांधायलाव."

गुरुजींनी वही कापडी पिशवीत ठेवली, पिशवीचे बंद बांधले आणि रस्त्याकडे बघत बसले. वैशाली एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला. एका गरीब बाईला वाचवलं, असं घरी जाऊन बायकोलाही सांगितलं.

सौदा मोडला. हॉटेलातली गोष्ट आमच्या आधी सेलूला पोचली आणि तिला पाय फुटले. कुणी म्हणालं गुरुजींनी मीटर फिरवलं, कुणी म्हणालं बॅटरीच बदलली. दुसरं गिऱ्हाईक फिरकलं नाही. वैशाली पुन्हा सासऱ्याला रिक्षानं आणायला लागली. मध्ये एकदा म्हाताऱ्यानं अंग दुखतं म्हणून जायचंच नाकारलं, डायलिसिसची पाळी चुकली, आणि दोन दिवसांनी श्वास लागला म्हणून त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. वाचला. ती हे मला सांगायला आली होती ते तक्रार म्हणून नाही. "मामा, दुसरी चांगली गाडी असंल तर बघा. लय हाल व्हायलेत," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, घाई करू नको, लोक लय लबाड हायेत.

पुढं चार-सहा महिन्यांनी छत्रपती संभाजीनगरला एका प्रशिक्षणाला गेलो. शिकवणारी इंजिनीअर बाई पस्तिशीची, बोलायला अगदी सरळ. ती म्हणाली, गाड्यांच्या बॅटऱ्या दोन जातींच्या. एका जातीला ऐंशीच्या वर रोज भरू नये, हे खरं. दुसरीचं उलट. तिला आठवड्यातून एकदा तरी काठोकाठ भरलीच पाहिजे. नाही भरली तर गाडीचा आतला हिशेब हळूहळू चुकत जातो. तिनं कणगीचा दाखला दिला. बंद कणगीत धान्य किती ते बाहेरून कळत नाही. काढलं किती, टाकलं किती, ह्यावरून आपण अंदाज धरतो. वरचेवर अंदाजावरच चाललो तर चूक साठत जाते. कणगी एकदा तोंडापर्यंत भरली की हिशेब नव्यानं सुरू. मागं पडलेले सेलही त्या शेवटच्या भरण्यातच बाकीच्यांच्या ओळीत येतात.

"अशी गाडी अर्धवटच भरत राहिली तर काय दिसेल?" मी विचारलं.

"तब्येत कमी दाखवेल," बाई म्हणाली. "आणि चालता चालता आकडा एकदम खाली पडेल. लोकांना वाटतं बॅटरी मेली. दोन-तीनदा सावकाश पूर्ण भरून परत बघायचं, मग निकाल द्यायचा."

पूर्ण भरून परत बघायचं. मी तर पूर्ण भरलेली गाडी दुकानात घेतच नव्हतो, आणि तो माझा मोठेपणा होता. आणि मग मला माझ्या दुकानातली पाटी आठवली. ह्या गाड्या नव्या आल्या तेव्हा एका ठिकाणी अर्धंमुर्धं शिकून आलो होतो आणि मोठ्या हौसेनं पेंटरकडून लिहून घेतली होती: "बॅटरी ऐंशीच्या वर भरू नये, वीसच्या खाली नेऊ नये." कोणती बॅटरी, ते लिहिलं नव्हतं. मला तेव्हा जातच एक माहीत होती. जेवणाच्या सुट्टीत मी बाईला गुरुजींच्या गाडीचं मॉडेल सांगितलं; ती म्हणाली, दुसरी जात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सेलूला उतरलो. गुरुजींच्या अंगणात गाडी ताडपत्री टाकून उभी होती. त्यांच्या पत्नींनी पाणी दिलं, पण या-बसा म्हणाल्या नाहीत. गुरुजी ओसरीवर होते. मी विचारलं, "गुरुजी, गाडी कशी भरत होता?"

ते आत जाऊन वही घेऊन आले आणि माझ्या हातात दिली.

चार वर्षांची नोंद होती. तारीख, किती टक्क्यांवर लावली, किती टक्क्यांवर काढली. सुवाच्य, खाडाखोड नाही. तीस ते ऐंशी, सव्वीस ते ऐंशी, चौतीस ते ऐंशी. ऐंशीच्या वर एकदाही नाही. पहिल्या पानावर लाल शाईनं माझ्या पाटीचं वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं, खाली दुहेरी रेघ, आणि त्याखाली: "बाबाराव मिस्त्री, परभणी."

ते इन्व्हर्टरचं काम घेऊन आले होते त्या दिवशी उभं राहून त्यांनी ते उतरवून घेतलं होतं. मला आठवलं, मी हसलो होतो.

"एका ऐंशीसाठी रात्रीचा गजर लावायचे हे," गुरुजींच्या पत्नी दारातून म्हणाल्या. "एक्क्याऐंशी झालं की चुकचुकायचे. आन तुमी चारचौघांत यांना लबाड ठरवलं."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. चूक पूर्ण सांगितली, जात काय, कणगी काय, सगळं. गुरुजींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "बाबाराव, हे तुमी त्या दिवशी एकदा विचारलं असतं तर?"

"विकणाऱ्याला विचारायचं न्हाई, अशी सवय."

"मी विकायला आलो न्हवतो. तुमाला दाखवायला आलो होतो. म्हटलं, बाबारावांना बरं वाटंल, कुणीतरी ऐकलं आपलं."

मी माफी मागितली तर ते म्हणाले, "मला नका सांगू. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर सांगा."

मी आठवडाभर सेलूला खेटे घातले. घरच्या प्लगवर गाडी तीनदा सावकाश पूर्ण भरली, मधून मधून चालवून रिकामी केली. पहिल्यांदा शंभरला लागली तेव्हा गुरुजी बाहेर येऊन त्या आकड्याकडे बघत राहिले. पोरगं पहिल्यांदा मनाविरुद्ध वागल्यावर बापानं बघावं तसे. सेल ओळीत आले. तब्येतीचा आकडा चढत चढत नव्वदच्या वर जाऊन थांबला. मग गुरुजींना शेजारी बसवून पोखर्णीला गेलो. आकडा जसा उतरायला हवा तसाच, एकेका पायरीनं उतरला. कासव काही आलं नाही. परतताना त्याच हॉटेलात थांबलो आणि मी बाकड्यांसमोर उभा राहून सांगितलं की गुरुजी खरे होते, गाडी खरी होती, खोटी माझी पाटी होती. एक जण म्हणाला, "मिस्त्री, कितीला मॅनेज झालाव?" संशयाचं पीक मीच पेरलं होतं, ते कापणंही माझ्याच वाट्याला आलं.

तिथून पेडगाव. वैशाली अंगणात कपडे वाळत घालत होती, सासरा बाजेवर. मी तिला सगळं सांगितलं, मोबाइल काढून आकडे दाखवले. तिनं मोबाइलकडे बघितलंही नाही.

"मामा, तवा तुमी म्हणालाव मेली. आता म्हणायलाव जिती हाय. मी कोणतं धरू?"

"माझं नको धरू. गाडीलाच विचार. चल, आपण पुन्यांदा पोखर्णीला जाऊ, तू चालव."

"न्हाई," ती म्हणाली. मग ती गुरुजींकडे वळली. "गुरुजी, तुमी सांगा. घेऊ का?"

माझ्या सगळ्या धंद्यात मी हे कधी केलं नव्हतं. ती विकणाऱ्याला विचारत होती.

गुरुजी म्हणाले, "घे. पण आठवड्यातून एकदा पूर्ण भरत जा. मी भरली न्हाई, माझं चुकलं."

माझं चुकलं, असं म्हणाले ते. माझ्यासमोर.

वैशालीनं पदराला हात पुसले आणि किल्ली घेतली. सासऱ्याला आधार देऊन तिनं पुढच्या सीटवर बसवलं, नुसतं बसून बघायला. म्हाताऱ्यानं सीट हातानं चाचपली आणि डोळे मिटून घेतले. गुरुजींनी तिला वहीही दिली. तिनं पहिलं पान उघडलं, लाल अक्षरं वाचली, खालचं नाव वाचलं. मग वही मिटून माझ्यापुढं धरली.

"ही तुमीच ठेवा मामा," ती म्हणाली. "गाडीला हिचा काई उपेग न्हाई."

पाटी मी त्याच दिवशी उतरवली. वही दुकानात आहे. अजूनही मी गाडी उपाशीच मागवतो, घड्याळ बघतो, पोखर्णीला नेतो. लोक सुधारले असं काही मला वाटत नाही. पण यंत्र लावायच्या आधी वही काढून टेबलावर ठेवतो, विकणाऱ्याला समोर खुर्ची देतो आणि विचारतो, "गाडी कशी भरत होता?" बहुतेक जण खोटंच सांगतात. मी शेवटपर्यंत ऐकून घेतो.